रोगणाखालची बोटं

यंदा दसरा तोंडावर आला तरी हवेतली ओल गेलेली नाही. पहाटे अंगणातल्या बाजेवर हात टेकला तर सुतळी दमट लागते. कपाशीची बोंडं फुटायला लागली आहेत, वेचणीच्या बायका उजाडताच रस्त्याला लागतात, आणि मी चूळ भरायच्या आधी कोठीच्या दाराची कडी बघून येते. वीस वर्षांची सवय आहे. पोलादाला हे दिवस वाईट. भर पावसात माणूस लोखंडाला जपतो, तेल लावतो, पोत्यात गुंडाळून ठेवतो. पाऊस सरला की निर्धास्त होतो, आणि गंज नेमका तेव्हा धरतो.

कोठीची कडी मात्र अजून आरशासारखी आहे. तिच्यावर रोगण मी दिलेलं आहे. जवसाचं तेल मंद आचेवर आटवायचं, त्यात राळ विरघळवायची, कपड्यातून गाळायचं आणि कोमट पोलादावर कापसाच्या बोळ्यानं पातळ फिरवायचं. वाळलं की हाताला काचेसारखं लागतं. खालचं पोलाद जसंच्या तसं दिसतं, ओल आत जात नाही. काळा रंग फासून लोखंड झाकणं कोणालाही जमतं. उघडं दिसू द्यायचं आणि तरी राखायचं, हे अवघड. ते मला करीमचाचांनी शिकवलं. त्यांची विद्या मी घेतली आणि त्यांच्या वेळेला तोंड मिटून बसले. ही गोष्ट मी कोणाला सांगितली नाही, म्हणून लिहिते आहे.

तेव्हा कापसाची तेजी होती. समुद्रापलीकडे कुठे तरी लढाई लागली होती, तिथला कापूस बंद झाला होता, आणि आमच्या वऱ्हाडातलं बोंड विलायतेला हवं झालं होतं. लढाई कोणाची आणि कशासाठी हे आमच्यात कोणाला ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर ती थांबू नये असंच सगळ्यांना वाटायचं. तिकडे माणसं मरत असतील हा विचार मला पुष्कळ उशिरा सुचला, आणि सुचला तेव्हा लढाई आणि तेजी दोन्ही संपून गेलेल्या होत्या.

आमचा गाड्या बांधायचा कारखाना अमरावतीहून बडनेऱ्याला जाणाऱ्या रस्त्यावर. कारखाना म्हणजे एक लांब छपरी, एक भट्टी, चार सुतार आणि माझे मालक. दारावरून दिवसभर कापसाच्या गाड्या जायच्या. बैलांच्या घुंगरांचा आवाज थांबायचाच नाही. थांबला तर काही तरी अडलं आहे असं समजून माणसं बाहेर येऊन बघायची. घराघरात सरकी काढायचे रेचे किरकिरत असायचे. हवेत तंतू. तो भाकरीत, दह्यात, डोळ्यांच्या पापण्यांवर. संध्याकाळी पदर झटकला की पायाशी पांढरं पडायचं. आज तेवढा तंतू उडत नाही. गिरण्यांनी तो आपल्या भिंतींच्या आत नेला. मला त्याची आठवण येत नाही. खोकला फार यायचा.

तेजीत लोकांना हौसेची जागा लागते. घरं मागून होतात, दमणी आधी येते. दमणी म्हणजे माणसं बसायची हलकी बैलगाडी. कोणी म्हणे अमक्यानं चाकांना चांदीच्या धावा ठोकल्या. मी पाहिल्या नाहीत. पण चांदीसारखं दिसलं पाहिजे असं म्हणत लोक आमच्या छपरीत येऊन बसायचे, ते मी पाहिलं आहे. मालकांनी त्यावर तोड काढली: काळं लोखंड नको, रंग नको, दमणीच्या कड्या, साखळ्या, चाकाच्या मधल्या तुंब्यावरच्या टोप्या, सगळं उघडं पोलाद, घासून आरसा केलेलं. ते घासायला मालकांनी एलिचपूरहून करीमचाचांना आणलं.

चाचा पिढीजात सिकलगार. तलवारी घासणं हे त्यांच्या घरचं काम. राज्य बदललं, तलवारी भिंतीवरून उतरल्या आणि चाचांच्या सहाणेवर काही येईना. ते आमच्याकडे आले तेव्हा साठीला टेकले होते. दाढी पांढरी, बोटं काळी. माझ्यापाशी पहिल्याच दिवशी म्हणाले, "आधी माणसाची मान कापाचं पोलाद घासत होतो बहू, आता बैलाच्या मानेजवळचं घासून रायलो. बैल बरा. तो उलटून वार नाही करत."

मी म्हटलं, "आमच्या जोडीतला उजवा करते. जपून राहजा."

ते हसले आणि आमचं जमलं.

रोगण शिजवायला मी लागले ते चुलीमुळे. आच सांभाळणं बायकांच्या हाताला असतं, पुरुष लाकडं कोंबतात. चाचांनी पहिल्या कढईला ते पाहिलं आणि सुताराला उठवून मला बसवलं. "लाकडाची आच देल्ली तं तेल रागावते. गोवरीची दे. अन् घाई नको करू." थेंब कौलाच्या तुकड्यावर टाकायचा, निवू द्यायचा, बोटानं उचलायचा. एक तार निघाली की कढई उतरवायची. दोन निघाल्या तर गेलं. "मंग ते रोगण नाही. डिंक झाला. त्यानं पतंग चिकटव." सगळ्या घराला जवसाची चटणी करपल्यासारखा वास यायचा. मालक दारातून विचारायचे, "आज जेवाले काय हाय? टोप्या का साखळ्या?"

घाई नको करू, हे चाचा मला रोज सांगायचे. मला घाईची सवय. पाणी भरतानाच मी भाजी निवडायचे. आईनं त्याचं कौतुक केलं, सासूनं केलं, मालकांनी केलं. माझा उरक हा माझा मोठा गुण, असं मीही धरून चालले होते.

रोगण ओलं असेपर्यंत त्यावर तंतू बसायचा. चाचा म्हणायचे, पोलादाले दाढी फुटली. म्हणून आम्ही सगळे नग कोठीत नेऊन ठेवायचो आणि दाराला ओली चादर टांगायचो. हे सगळं बिघडलं तरी निस्तरता यायचं. एका बाबतीत मात्र चाचा फार कडक होते. घासून झालेलं पोलाद राखेच्या गरम पाण्यानं धुतलं, कोळशावर धरून कोरडं केलं, की रोगण लागेपर्यंत त्याला उघडा हात लावायचा नाही. चिमट्यानं धरायचं, नाही तर धुतल्या फडक्यानं.

"काहून?" मी विचारलं होतं.

"माणसाच्या बोटात मीठ रायते. वरतून रोगण देल्लं का ते मीठ आत कोंडलं. मंग गंज बाहेरून नाही येत, आतून खाते."

"पुसून घेतलं तं?"

"पुसलं का तुले दिसत नाही. पोलादाले दिसते."

हे शब्द मला त्यांच्या आवाजासकट पाठ आहेत. म्हणून मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

मोर्शीकडचे एक पाटील होते, सगळे त्यांना बापू म्हणायचे. त्यांच्या मुलीचं लग्न उन्हाळ्यात झालेलं. ती पहिल्या दिवाळीला माहेरी येणार ती नव्या दमणीतून, आणि त्या दमणीवर तिच्या सासरच्या गावात कोणाचे डोळे ठरता कामा नयेत, असं बापूंचं म्हणणं. कोजागिरीला ते बैल घेऊन येणार होते. चाचांनी चाळीसेक नग घासले. तसं काम मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. अष्टमीला त्यांनी सगळे धुऊन, कोरडे करून, कोठीत फडक्यावर मांडले. त्यांना तीन दिवस एलिचपूरला जायचं होतं, भाऊ आजारी होता. जाताना म्हणाले, "उद्या सकाळी पयला हात दे. तीन दिवसांनी दुसरा. हिशेबात कोजागिरी बसते, पन एक दिवस फालतू नाही."

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी.

आमच्याकडे त्या दिवशी लोखंड ठोकायचं काम बंद असतं, लोखंडाची पूजा असते. छपरीत पाट मांडला. हातोडे, करवती, वाकस, ऐरण, घरातली विळी, सगळं धुऊन ओळीनं ठेवलं. मालकांनी फुलं वाहिली आणि झेंडूच्या माळा करायला सुतारांकडे गेले. मी हळदीकुंकवाचं तबक घेऊन कोठीत गेले, ती खरं तर रोगणाची कढई काढायला. फडक्यावर चाळीस नग कोरे पडलेले दिसले.

मी देवभोळी नाही. उपास मला सोसत नाहीत आणि नवस मी कधी बोलले नाही. पण त्या दिवशी घरातला मोडका खिळासुद्धा हळदीनं पिवळा झालेला असताना तेवढंच पोलाद तसंच ठेवणं मला जमेना. पंगतीत एकाच माणसाला वाढायचं राहून जावं तसं वाटलं. शिवाय त्या दमणीत एक नवी लग्न झालेली मुलगी बसणार होती. मी बोट पाण्यात बुडवलं आणि प्रत्येक नगाला हळदीचं एक बोट ओढलं, शेजारी कुंकवाचं टेकवलं. चाळीस नगांना. मला छान वाटलं, हेही सांगायला हवं.

मग घटकाभरानं धुतल्या फडक्यानं ते पुसून काढलं. राखेचं पाणी पुन्हा तापवायला हवं होतं, पुन्हा धुवायला, कोळशावर पुन्हा एकेक नग धरायला हवा होता. त्यात तो दिवस गेला असता आणि दुसऱ्या दिवशी दसरा. मग कोजागिरी कशी गाठायची. मी एक टोपी उजेडात धरली, तिरकी केली, फुंकर मारली. काही दिसलं नाही. कोमट केली आणि रोगणाचा हात दिला. दुपारपर्यंत चाळीसही झाले.

चाचा परत आले. त्यांनी दोन टोप्या उचलल्या, खिडकीपाशी नेल्या. म्हणाले, "हात साफ हाय तुया." तेव्हा सांगता आलं असतं. सगळं खरवडून पुन्हा करायला लागलं असतं, बापू दोन दिवस खोळंबले असते, त्यापलीकडे काही नाही. मी दुसऱ्या हाताची कढई चढवली.

दमणी गेली तेव्हा रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती.

मार्गशीर्षात ती परत आली. दहिवराचे दिवस होते. बापू स्वतः हाकत आले आणि उतरायच्या आधीच बोलायला लागले. बाजारातून येताना ते चार ठिकाणी थांबून आले होते, हे मागाहून कळलं.

"पाय बावा मालक. मी चांदी सांगतली होती. तुमी गोवर देल्ला."

गोवरच आला होता. लखलखीत पोलादावर तपकिरी डाग, आणि डागांपासून बारीक रेघा निघालेल्या, ओल्या मातीत किडा चालून जावा तशा. वर रोगण जसंच्या तसं, गुळगुळीत, कुठे तडा नाही. हात फिरवला तर काही लागायचं नाही. सगळं खाली.

"पोरीची सासू म्हणे, तुमच्या बापानं जुनी गाडी घासून देल्ली काय. चारचौघींत म्हणे." बापूंचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "या बुड्याच्या रोगणात पाणी हाय. मी बाजारात सांगून आलो."

मालकांचा चेहरा उतरला. ते बापूंकडे बघत होते, दमणीकडे नाही. म्हणाले, "चाचा, कढई पुरी तापली नसन."

चाचा चाकापाशी उकिडवे बसले होते. त्यांनी टोपीवर अंगठा टेकवला. मोठ्या कड्यांवर डाग पसरून एकमेकांत गेले होते, पण टोप्यांवर ते अजून सुटे होते. प्रत्येक टोपीवर एक लांब, एक गोल. एक लांब, एक गोल. मी दारात उभी होते आणि मला तिथून दिसत होते. त्यांना एवढ्या जवळून दिसले नसतील असं होणार नाही. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. वाट बघितल्यासारखं.

मी काही बोलले नाही.

"नसन तापली," चाचा म्हणाले.

एवढंच. त्यांनी सहाण आणि कुरुंदाचे दगड पिशवीत भरले. मालकांनी जा म्हटलं नव्हतं, पण थांबा असंही म्हटलं नाही. माझ्याजवळून जाताना "येतो बहू" म्हणाले. मी "या" म्हटलं, कोणी बाजाराला निघाल्यावर म्हणतात तसं. त्यानंतर अमरावतीत त्यांना कोणी काम दिलं नाही. तेजीच्या बाजारात माणसाचं नाव जेवढ्या लवकर होतं, तेवढ्याच लवकर जातं.

माझ्या मनाला मी पुष्कळ कारणं दिली. बापूंसमोर देवाचं नाव निघालं असतं. मालकांची मान आणखी खाली गेली असती. घरच्या बाईनं काम बिघडवलं म्हटल्यावर कारखान्यात परत कोण आलं असतं. ही कारणं खोटी नाहीत. पण त्या क्षणी यातलं एकही माझ्या डोक्यात नव्हतं. त्या क्षणी एवढंच होतं की बोलणं दुसऱ्यावर गेलं आहे आणि मी मोकळी आहे.

मोकळी झाले नाही. मालकांनी पोलादाचं काम बंद केलं आणि एक शब्द धरला. सुतारानं सांधा कच्चा ठेवला की म्हणायचे, "हे चाचाचं रोगण झालं." वरण पातळ झालं की चाचाचं रोगण. जावई दिलेल्या वेळेला आला नाही की चाचाचं रोगण. सुतारांनी तो शब्द उचलला, शेजारच्यांनी उचलला. चाचांना कधी न पाहिलेली माणसं तो बोलायची. वर्षानुवर्षं मी तो ऐकला आणि ताटं वाढली. एकदा मालक कोठीच्या दारापाशी उभे राहिले, कडी हातात घेऊन म्हणाले, "हे पाय. तू देल्लेलं रोगण टिकलं. त्या बुड्याले जमलं नाही." दमणीलाही हात मीच दिला होता, हे त्यांच्या ध्यानात नव्हतं. कढई तीच, राळ तीच, कृती चाचांचीच. मी म्हटलं, "दार ओढून घ्या, तंतू आत येते."

मालक जाऊन आता दोन वर्षं झाली. गेल्या हिवाळ्यात एका गाडीवानाकडून कळलं की चाचा अकोल्याला आहेत, एका गिरणीच्या आवारात, पोत्यांना टाके घालतात. ऐंशीच्या पुढे गेलेले. मी बडनेऱ्याला गाडीत बसले. मालक असताना अकोला काही दूर नव्हतं, आगगाडी कधीच सुरू झाली होती. तेव्हा गेले नाही आणि आता गेले, यात जे समजायचं ते समजावं.

चाचा भिंतीला टेकून बसले होते, मांडीवर पोतं. बोटं अजून काळी. दोन्ही डोळ्यांत फूल पडलेलं. सुई दोऱ्यासकट चाचपून चालवत होते, टाके मात्र एकसारखे. मी नाव सांगितलं. त्यांनी आवाजाच्या दिशेनं तोंड केलं आणि म्हणाले, "बहू. अजून घाई करतं का?"

मी बसलेही नाही. उभ्या उभ्या सांगून टाकलं. नवमी, हळद, कुंकू, पुसणं, सगळं. रस्ताभर जुळवून आणलं होतं ते दोन श्वासांत संपलं.

त्यांनी टाका पुरा केला. म्हणाले, "मी तवा आठ दिवस बडनेऱ्याच्या सराईत होतो. म्हटलं बहू सांगन, मालक बलवाले येईन. मंग अकोल्याची बैलगाडी भेटली."

मला आठ दिवस ठाऊक नव्हते. वीस वर्षं मी त्या एका दुपारचाच विचार करत आले होते. आपण तेवढ्याच वेळी चुकलो असं मी धरलं होतं. बडनेरा आमच्या दारातून दिसत नाही, पण माणूस पाठवला असता तर दुपारच्या जेवणापर्यंत परत आला असता.

"चुकलं माझं चाचा," मी म्हटलं.

"हो," ते म्हणाले. मग बराच वेळ पोतं चाचपत राहिले, टाका कुठे संपला ते शोधत. "पन मले काहून सांगून रायली तू? मले तं मालूमच होतं. ज्याले मालूम नाही त्याले सांग."

आवारात कापसाचे ढीग पडले होते आणि एक बाई फळीवरून तंतू झाडत होती. तिनं माझ्या रिकाम्या कपाळाकडे पाहिलं, चाचांकडे पाहिलं, आणि झाडत राहिली. ती काही बोलणार नव्हती. बोलायचं होतं ते मला.

"सांगते," मी म्हटलं.

"सांग. तुया मालकाचं मन मोठं हाय. त्याच्याच तोंडून एकदा निघालं पाह्यजे का बुड्याचं रोगण बरं होतं." सुई पुन्हा पोत्यात गेली. "अन् माया सलाम सांगजो त्याले."

तोही मी घेतला.